खुब्याचं हाड

एकतीस ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या सणाला, आमच्या कोक-सायमध्ये प्रत्येक गल्ली मैदानावर आपली युर्त, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभी करते. सकाळी चौकात झेंडा चढतो, शाळेतल्या मुली नाचतात, मग जिल्ह्याचे प्रमुख, आकिमसाहेब, त्यांचं भाषण होतं आणि ते संपायच्या आधीच निम्मा गाव मैदानाकडे सरकलेला असतो. तिथे कुस्त्या असतात, घोड्यांवरून बोकडाचं धड ओढायचा उलाक असतो, दुपारी तीनला घोड्यांची लांब शर्यत असते. पण खरा सण युर्तीच्या आत, ताटाभोवती. कोणत्या गल्लीची मेंढी किती मोठी होती हे लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. कुणाला कोणतं हाड मिळालं हे मात्र पुढच्या ऑगस्टपर्यंत बोललं जातं.

वरच्या गल्लीच्या युर्तीत हाडं मी वाटतो. एकवीस वर्षं झाली. मेंढीला खुबे दोन. एका खुब्याचं हाड आलेल्या पाहुण्याचं, दुसरं गल्लीतल्या सगळ्यात वडील माणसाचं. त्याच्या खालोखाल मांडीचं हाड, मग फऱ्याचं, असं करत करत वयाच्या क्रमाने खाली यायचं. शेपटीकडचा चरबीचा भाग सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा. सगळ्यांच्या पुढ्यात आपापलं हाड पडलं की मग राहिलेलं मांस बारीक चिरून शेवयांत घालायला तरुण मंडळी मोकळी. तुकडे लहानमोठे झाले तर कुणी काही म्हणत नाही. क्रम मात्र चुकता कामा नये. तो मी एकवीस वर्षांत एकदाच चुकलो, आणि त्याचीच ही गोष्ट.

नऊ वर्षांपूर्वी, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, प्रांताहून मोठा पाहुणा आमच्या युर्तीत आला होता. आमच्या गल्लीचे वडील तोक्तोसुन त्या वसंतात वारले होते. तेव्हा दुसरं हाड कुणाला, हे पहिल्यांदाच ठरवायचं होतं. दोनच माणसं होती. एक मुकाम्बेत, जन्मभर जनावरांचा डॉक्टर, बोलायला वागायला रुबाबदार, गावच्या वृद्धांच्या न्यायमंडळाचा अध्यक्ष. दुसरा दोरोनबेक, घोडे राखणारा, दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. दोघांच्या वयात फरक असलाच तर काही महिन्यांचा.

पूर्वी असा प्रसंग आला की मी विचारत असे. आके, तुम्ही कोणत्या वर्षाचे? सापाचे, घोड्याचे की मेंढीचे? आमच्याकडे बारा वर्षांना बारा जनावरांची नावं आहेत. असं विचारून मी बसवत असे. पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी वाचायला शिकलो होतो. लहानपणी शाळा खाली गावात होती आणि मी वर कुरणांवर, त्यामुळे ती राहिली ती राहिलीच. साठी उलटल्यावर माझी सून चोल्पोन, ती शाळेत शिकवते, तिने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवून अक्षरं शिकवली. नव्या अक्षरांची मस्ती नव्या घोड्यासारखी असते, कारण नसताना माणूस ती चारचौघांत फिरवून आणतो. गावच्या कचेरीने गल्लीतल्या वृद्धांची यादी दिली होती, सणाच्या भेटी वाटायला. ती माझ्या खिशात होती. ताट आलं तेव्हा मी ती काढली, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर वाचली. मुकाम्बेत, एकोणीसशे बेचाळीस. दोरोनबेक, एकोणीसशे त्रेचाळीस. मी खुब्याचं हाड मुकाम्बेतपुढे ठेवलं आणि मांडीचं दोरोनबेकपुढे.

दोरोनबेकने त्या हाडाकडे पाहिलं. मग मुकाम्बेतकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हाड उचलून शेजारच्या माणसाच्या ताटात ठेवलं, उठला, बाहेर गेला आणि घोड्यावर बसला.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बुरुल-आपाने मला वेशीपाशी गाठलं. तेव्हा ती ब्याऐंशीची होती, आता एक्क्याण्णव. तिच्या आईने दोरोनबेकची नाळ कापली होती आणि बुरुल-आपा, आठ वर्षांची पोर, गरम पाण्याचं भांडं धरून उभी होती. नदीवरचा बर्फ फुटला नव्हता, वसंतातल्या नव्या वर्षाला, नोरूजला, अजून महिना होता, म्हणजे जन्म सापाच्या वर्षाच्या शेपटीला. मुकाम्बेत जन्मला त्याच साली पण शरद ऋतूत, गवत कापून झाल्यावर. तोवर घोड्याचं वर्ष लागून निम्मं सरलं होतं. दोरोनबेकची आई वर्षभर डोंगरातून खाली उतरली नाही, आणि उतरली तेव्हा कारकुनाने हातात आलेलं वर्ष लिहून टाकलं. तसे कागद आमच्याकडे प्रत्येक घरात आहेत.

"मी त्याच युर्तीत बसले होते," बुरुल-आपा म्हणाली. "बायकांच्या बाजूला, तुझ्यापासून चार हातांवर. तू तुझ्या कागदाला विचारलंस, मला नाही विचारलंस."

मी खिशातली यादी हाताने आणखी आत ढकलली.

पुढच्या वर्षी मी दोरोनबेकला बोलवायला स्वतः गेलो. आला नाही. युर्तीतून त्याचा वाटा घरी पाठवला, तो फडक्यात बांधलेला तसाच परत आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि तो घरी बसून राहायचा असंही नाही. दरवर्षी एकतीस ऑगस्टला सकाळी दहाला तो मैदानावर हजर असायचा, करड्या घोड्यावर, खोगिराला नवा पट्टा, डोक्यावर पांढरा कल्पाक, आमची नमद्याची उंच टोपी. कुस्त्या पाहायचा, उलाक पाहायचा, शर्यत पाहायचा. लोक घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, किमिजचा, वाडगा वर करून द्यायचे, तो खोगिरातूनच प्यायचा आणि वाडगा खाली द्यायचा. पण कोणत्याही युर्तीसमोर उतरला नाही. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत, तेव्हा पंचाहत्तरीचा, आता ऐंशी उलटलेला माणूस. खालच्या गल्लीतले आम्हाला टोमणे मारायचे की तुमच्या गल्लीने एक पुतळा उभारलाय, त्याला दाणावैरण कोण घालतं. तो नसल्यामुळे दुसरं हाड मुकाम्बेतला जायचं आणि कुणी काही विचारायचं कारणच उरायचं नाही.

यंदा ऑगस्टच्या मध्याला कळलं की दोरोनबेकचा थोरला मुलगा त्याला बिश्केकला न्यायला येतोय. सण झाला की दोन सप्टेंबरला निघणार. घोडा पुतण्याला देणार, घराला कुलूप लागणार. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस चौथ्या मजल्यावर राहायला जातो तो परत येत नाही, हे सगळ्यांना कळतं. मी ठरवलं की हा माणूस आमच्या ताटावरून उठून गेलाय, तर आमच्या ताटावर बसूनच जाईल. बायकोने विचारलं की कसं बसवणार. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. तेव्हा मला काहीच सुचलेलं नव्हतं, पण सुचेल याची खात्री होती.

तीस तारखेला सकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो अंगणात बसून लगामाचं चामडं तेलाने पुसत होता. पुतण्याला घोडा द्यायचा तर लगाम नीट असावा म्हणून. चहा आला. इकडचं तिकडचं झालं, गवत यंदा बरं झालं, पाऊस वेळेवर थांबला. मग मी म्हटलं, आके, उद्या या.

"उद्या मी मैदानावर असेनच. दरवर्षी असतो."

"मैदानावर नाही. युर्तीत. घोड्यावरून उतरून."

तो चामडं पुसत राहिला. मी मनात घोळवून आणलेलं सगळं बोललो. चूक माझी होती, मी कागद वाचून मिरवलं, उद्या सगळ्यांसमोर, आकिमसाहेबांसमोर मी ते कबूल करीन आणि तुमचं हाड तुमच्यापुढे ठेवीन. नऊ वर्षं मी हे ओझं वागवत होतो.

दोरोनबेक हसला. त्याला हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"एसेनकुल, तू स्वतःला फार मोठा समजतोस बघ," तो म्हणाला. "मी नऊ वर्षं तुझ्यावर रुसून घोड्यावर बसलोय असं वाटलं होय तुला? तू अडखळलास. घोडंही अडखळतं. ते मी मैदानाबाहेर पडायच्या आत विसरलो होतो."

"मग?"

"तुला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला."

एवढंच. पुढे मी कितीही विचारलं तरी तो लगामाबद्दलच बोलला. पण आमच्या गल्लीत जन्म काढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. दोघांचेही बाप युद्धावर गेले आणि परतले नाहीत. दोन्ही आया एकाच कुरणावर एकाच कळपामागे राबल्या आणि दोन पोरं एकाच घोंगडीत वाढली. शाळेला खाली यायचं तर दोरोनबेक घोडा हाकायचा आणि मुकाम्बेत त्याच्या मागे, पट्टा धरून. शहरात डॉक्टरकी शिकायला मुकाम्बेत गेला तेव्हा दोरोनबेकने आपला कोट त्याला दिला आणि स्वतः तो हिवाळा बापाच्या फाटक्या कातड्यात काढला. मुकाम्बेत त्याला जन्मभर आके म्हणत आला होता. थोरल्या भावाला म्हणतात तसं, आम्हा सगळ्यांच्या कानांदेखत. आणि ते माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण माझ्या हातात कागद होता.

म्हणजे माझी माफी कुणाला नकोच होती. घरी चालत येताना मला पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला, पण या वेळी योग्य माणसाचा.

मी तसाच वळलो आणि मुकाम्बेतकडे गेलो. तो खिडकीशी बसून दुसऱ्या दिवसाचे आशीर्वादाचे शब्द मनाशी म्हणत होता. ताटावरून उठताना वरच्या गल्लीचा आशीर्वाद तो द्यायचा आणि छान द्यायचा, त्यात काही वाद नाही. मी सरळ विचारलं की तुम्ही दोघांत वडील कोण. त्याने मला पासपोर्टची आठवण करून दिली. मी म्हटलं, पासपोर्ट मला वाचता येतो, मी तुम्हाला विचारतोय.

"सणाच्या आदल्या दिवशी जुनी राख उकरू नकोस," तो म्हणाला. "तू हाडं वाट. न्याय करायला न्यायमंडळ आहे."

"त्याचे अध्यक्ष तुम्हीच आहात, आके."

"मग झालं तर."

त्याने चहाही विचारला नाही. मी उठलो. पण दारातून वळून पाहिलं तेव्हा तो आशीर्वादाचे शब्द म्हणत नव्हता. नुसता बसला होता. त्यावरून मला वाटलं की हा माणूस दगड नाही. दगड असता तर त्याने मला दोन तास भाषण दिलं असतं.

एकतीस तारीख स्वच्छ उजाडली. वरच्या शिखरांवर रात्री हलका बर्फ पडला होता. आम्ही पहाटेच युर्त उभी केली, काठ्या बसवल्या, नमदे चढवले, बायकांनी आतून गालिचे टांगले. मेंढी सकाळीच कापली, कढई चुलीवर चढली. कणकेचे बोर्सोक तळल्याचा वास सगळ्या मैदानभर. मैदानाच्या पलीकडच्या कडेला, शर्यतीच्या खुणेच्या दोरीपाशी, करडा घोडा दिसला आणि त्यावर पांढरा कल्पाक. दहा वाजले असणार.

दीड वाजता आकिमसाहेब आमच्या युर्तीत आले. चाळिशीचा माणूस, नवीन आलेला, घाईत असलेला. सात युर्ती होत्या, प्रत्येकीत बसायचं होतं आणि तीनला शर्यतीला झेंडा दाखवायचा होता. त्यांना मानाच्या जागी, दारासमोर बसवलं. त्यांच्या शेजारी मुकाम्बेत, छातीवर पदकं. बायकांच्या बाजूला सगळ्यात वर बुरुल-आपा. हात धुऊन झाले. मग दोघांनी लाकडी परात आत आणली, वाफ थेट छताच्या मधल्या गोल झरोक्यातून बाहेर जात होती. परात माझ्यापुढे ठेवली गेली, शेजारी माझी सुरी.

मी दोन्ही खुब्यांची हाडं बाजूला काढली. मग सुरी पुसली, म्यानात घातली आणि मांडीवर हात ठेवून बसलो.

थोडा वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

मी म्हटलं की नऊ वर्षांपूर्वी याच युर्तीत मी कागदाला विचारून हाड दिलं. आज माणसांना विचारतो. आपल्या गल्लीत सगळ्यात वडील कोण? ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावं. सांगेपर्यंत मी परातीला हात लावणार नाही.

माझ्या शेजाऱ्याने कोपराने मला ढोसलं, साहेब बसलेत म्हणून. साहेबांच्या सोबतचा माणूस त्यांच्या कानाशी लागला. कुणीतरी दबक्या आवाजात सुचवलं की आणखी एक मेंढी कापली असती तर खुबे चार झाले असते. मी म्हटलं, चार झाले असते तरी दोघांत आधी कुणाला द्यायचं हा प्रश्न राहिलाच असता. मग सगळे बायकांच्या बाजूला पाहू लागले, कारण बुरुल-आपाला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडे काय बघता," बुरुल-आपा म्हणाली. "मी सांगितलं तर ते माझं सांगणं झालं. माझे दात पडलेत, जीभ नाही, पण आज मी ती चावून बसले आहे."

आकिमसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं आता उठतात, आणि ते उठले असते तर सगळंच फसलं असतं. ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं की असं किती वेळ बसायचा विचार आहे. मी म्हटलं, साहेब, मी मेंढ्यांमागे जन्म काढलाय, बसायचं मला चांगलं जमतं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, पाय आणखी नीट दुमडले आणि सोबतच्या माणसाला सांगितलं की बाकीच्या युर्तींना निरोप द्या, उशीर होईल. त्या क्षणापासून तो माणूस मला आवडतो.

परातीवरची वाफ विरळ होत गेली. चरबीवर पांढरी साय धरू लागली. गार झालेलं मेंढीचं मांस पाहुण्यापुढे ठेवणं ही आमच्याकडे लाज वाटायची गोष्ट आहे, आणि ती लाज माझ्या नावावर जमा होत होती. तरी मी हललो नाही. मी मुकाम्बेतकडे पाहतही नव्हतो. पाहिलं असतं तर तो माझ्यावर चिडला असता आणि चिडलेल्या माणसाला गप्प बसायला निमित्त मिळतं.

तो शेवटी बोलला तेव्हा कुणाशी बोलतोय हे कळेना. पदकांकडे पाहून बोलत होता.

"मला ठाऊक आहे."

तो पदकांवरून बोट फिरवत राहिला.

"पहिल्या वर्षी वाटलं की तो हसेल, बाहेर गेल्यावर मला एक लाथ घालेल आणि संपेल. तो उठून गेला. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलं हे सांगावं लागलं असतं." मग त्याने हात पुढे केला. "माझी काठी द्या."

कुणीतरी काठी दिली. दोघं-तिघं आधार द्यायला उठले, त्याने त्यांना खाली बसवलं. गुडघा धरून तो उभा राहिला, वाकून दारातून बाहेर पडला आणि मैदानात उतरला.

आम्ही दार उघडं टाकलं. मैदानात उलाक चालू होता, दोन्ही बाजूंचे घोडेस्वार घामाघूम. मुकाम्बेत त्यांच्या कडेने चालला. घाईत नाही, पण थांबलाही नाही. लोकांना आधी वाटलं म्हातारा रस्ता चुकला. मग तो कुठे चाललाय हे दिसलं आणि एकेक युर्तीच्या दारात माणसं येऊन उभी राहिली. घोडेस्वारांनीही लगाम आवरले. माझ्या शेजाऱ्याने हळूच विचारलं की तो नाही म्हणाला तर. मी म्हटलं, नाही म्हणणार नाही. खात्री होती. नऊ वर्षं दर एकतीस ऑगस्टला घोड्यावर बसून जो माणूस आपल्याच गल्लीच्या युर्तीकडे तोंड करून उभा राहतो, तो कशाची तरी वाट पाहत असतो.

करड्या घोड्यापाशी जाऊन मुकाम्बेत थांबला. त्याने मान वर करून काही म्हटलं. काय म्हणाला ते आम्हाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नंतर दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. मग मुकाम्बेतने हात वर करून लगाम धरला आणि घोडा वळवला.

ब्याऐंशी वर्षांचा न्यायमंडळाचा अध्यक्ष, छातीवर पदकं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात थोरल्याच्या घोड्याचा लगाम, असा भर मैदानातून सगळ्या गावासमोर चालत आला. धाकट्याने थोरल्याचा घोडा धरायचा असतो. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. खालच्या गल्लीच्या युर्तीतल्या माणसांनी कल्पाक काढले. टोमणे मारणारे तेच.

आमच्या दारासमोर घोडा थांबला. मुकाम्बेतने काठी जमिनीवर टाकली, वाकून दोन्ही हातांनी रिकीब धरली. दोरोनबेक उतरला. त्र्याऐंशीव्या वर्षी माणूस घोड्यावरून उतरतो तेव्हा ते बघायला सुंदर नसतं. तो अर्धा मुकाम्बेतच्या खांद्यावर पडला, मुकाम्बेतचा गुडघा वाकला आणि क्षणभर दोघंही जातात खाली असं वाटलं.

"अजून तसाच आहेस," दोरोनबेक म्हणाला. "घोडा धरायला सांगितला की माझ्या अंगावर पडतोस."

"तू जड झालास, आके."

तेवढंच आम्ही ऐकलं. आके हा शब्द नीट ऐकू आला.

दोरोनबेक मानाच्या बाजूला बसला, आकिमसाहेबांच्या शेजारी. त्याच्या खाली मुकाम्बेत. मी सुरी म्यानातून काढली. पहिलं हाड पाहुण्याला ठेवायचं, पण आकिमसाहेबांनी हाताने खूण केली की आधी तिकडे. मी खुब्याचं हाड दोरोनबेकपुढे ठेवलं. मग साहेबांचं. मग मांडीचं मुकाम्बेतपुढे, फऱ्याचं त्याच्या खालच्याला, आणि बुरुल-आपाला शेपटीची चरबी. तिने ती बोटाने दाबून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की गार झालीय. मी म्हटलं, आपा, नऊ वर्षांपूर्वीची आहे, गार असणारच. पहिल्यांदा सगळे हसले.

मुकाम्बेत आपल्यापुढच्या मांडीच्या हाडाकडे पाहत होता. ते लांबीला चांगलं होतं, मांस भरपूर. पण खुब्याचं नव्हतं. त्याचा चेहरा सोपा नव्हता, आणि मी खोटं लिहिणार नाही, त्याला ते जड गेलं. दोरोनबेकने आपल्या हाडावरचा पहिला तुकडा कापला. चांगला, चरबी लागलेला. पहिला तुकडा ज्याला द्यायचा त्याला हातानेच भरवायचा असतो. त्याने तो मुकाम्बेतच्या तोंडापुढे धरला, आणि मुकाम्बेतने पोरासारखं तोंड उघडलं.

शर्यत साडेचारला सुटली. दीड तास उशीर. घोड्यांचे मालक आकिमसाहेबांवर चिडले होते, साहेबांनी ते स्वतःवर घेतलं, आमचं नाव घेतलं नाही. खालच्या गल्लीचा तांबडा घोडा पहिला आला, ते मला सांगावं लागतंय, सांगतो.

पण त्याआधी, ताटावरून उठताना, आशीर्वाद राहिला होता. तो सगळ्यात वडील माणसाने द्यायचा. मुकाम्बेतने सवयीने तळवे उघडले, मग मिटले आणि गुडघ्यांवर ठेवले. आम्ही सगळ्यांनी तळवे उघडून दोरोनबेककडे पाहिलं. आकिमसाहेबांनीही. तो शेवटचा घास चावत होता. त्याला वर चार दात आहेत आणि खाली तीन, आणि ते एकमेकांसमोर येत नाहीत. आम्ही थांबलो. तो चावत राहिला. बुरुल-आपाचे हात दुखायला लागले आणि तिने तसं सांगितलं. त्याने एका बोटाने तिला थांब म्हणून खूण केली. मुकाम्बेतने हळूच वाकून विचारलं, आके, शब्द आठवत नसतील तर मी मागून सांगू का. दोरोनबेकने मान हलवली, नको म्हणून. मग घास गिळला, ओठ पुसले आणि तळवे उघडले.